चिमूरची खबर कुणी अडवली?



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक संपत आली होती. बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले. उठता उठता एका आजींनी आम्हाला गाठलं. म्हणाल्या, "काय गं पोरींनो, तुमच्या रेडिओवर लोणचं सांगता, लसीकरण सांगता, जात्यावरच्या ओव्या लावता. मग गावातली बातमी का नाही सांगत?"

आम्ही म्हटलं, "आजी, बातम्या द्यायची आम्हाला परवानगी नाही."

आजी थांबल्या. म्हणाल्या, "बातमीला परवानगी कशाला लागते? जे झालं ते सांगायचं."

तिथं आम्ही हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत आजींचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. बातमीला परवानगी लागते का? कोण देतं ती? आणि ती मिळाली नाही, तर नुकसान कुणाचं होतं? आम्ही गटांचं काम बघणाऱ्या बाया. कायद्याच्या पंडित नाही. पण या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा आपल्याच महाराष्ट्रातलं एक गाव सापडलं. त्या गावाची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

वहीवरचा हात

आधी एक शब्द समजून घेऊ. सेन्सॉर.

आपल्या गटाचा नियम आहे, हिशेब बैठकीत मोठ्याने वाचायचा. जिला वाचता येत नाही तिलाही कळलं पाहिजे, कुणाकडे किती कर्ज आहे आणि बँकेत किती शिल्लक आहे. आता समजा, एक दिवस अध्यक्षाबाई म्हणाल्या, "सचिवाने वही आधी माझ्या घरी आणायची. मी बघेन, खोडायचं ते खोडेन, मग बैठकीत वाचायची." पहिल्या महिन्यात कुणाला काही कळणार नाही. दुसऱ्या महिन्यात एका कर्जाची ओळ गळेल. सहा महिन्यांनी बँकेचे साहेब दारात उभे राहतील, तेव्हा गटाला कळेल की खात्यात पैसेच नाहीत.

सरकार जेव्हा वर्तमानपत्राची नाहीतर रेडिओची वही आधी आपल्या घरी मागवतं, तेव्हा त्याला सेन्सॉर म्हणतात.

त्याच्या तऱ्हा अनेक आहेत. छापण्याआधी मजकूर दाखवा, ही एक. ठरलेल्या माणसानं दिलेलीच बातमी घ्या, ही दुसरी. छापखान्याची वीज तोडणं, कागद न देणं, सरकारी जाहिराती बंद करणं, छापखान्याला टाळं लावणं, या आणखी काही. आणि सगळ्यात स्वस्त तऱ्हा म्हणजे भीती. एकाला तुरुंगात टाकलं की बाकीचे दहा जण न सांगताच हात आखडता घेतात.

नागपंचमीचा दिवस

आता गावाची गोष्ट. गावाचं नाव चिमूर. आज ते चंद्रपूर जिल्ह्यात आहे. तेव्हा त्या जिल्ह्याला चांदा म्हणायचे.

साल १९४२. ऑगस्टच्या ८ तारखेला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे मोठे पुढारी पकडले गेले. त्याच वेळी सरकारने वर्तमानपत्रांना हुकूम दिला. चळवळीची बातमी द्यायची तर ती सरकारने दिलेली, ठरावीक वृत्तसंस्थांनी दिलेली, नाहीतर सरकारदरबारी नाव नोंदवलेल्या बातमीदाराने दिलेलीच असली पाहिजे. म्हणजे एखाद्या खेड्यात काही घडलं आणि तिथल्या माणसानं ते लिहून पाठवलं, तर ते छापायचं नाही. हा हुकूम ज्या नियमांखाली निघाला, त्यांचं नाव होतं भारत संरक्षण नियम. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. संरक्षणाचं नाव पुढे केलं की पुष्कळ काही झाकता येत होतं.

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. आपला बायकांचा सण. त्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी लोक आधीच पेटलेले होते. चिमूरला लोकांनी मिरवणूक काढली. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात माणसं मेली. जमाव चिडला. सरकारी विश्रामगृह जाळलं गेलं, सरकारी अधिकारी मारले गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही असाच रक्तपात झाला. दोन्हीकडचं रक्त सांडलं, हे आम्ही झाकून ठेवत नाही.

पुढचं मात्र नीट ऐका. तीन दिवसांनी, १९ ऑगस्टला, चिमूरमध्ये फौज आली. गावातले पुरुष धरले गेले, काही पळून गेले. घरात उरल्या बाया, पोरं आणि म्हातारी माणसं. सैनिक घराघरांत शिरले. लुटालूट झाली आणि बायकांवर बलात्कार झाले. बाहेरून गावात पोहोचलेल्या लोकांजवळ त्या बायांनी स्वतःच्या तोंडून ते सांगितलं. साल १९४२ आहे, खेडेगाव आहे, हे लक्षात घ्या. आजसुद्धा अशी गोष्ट सांगताना बाईची जीभ जड होते. तरी त्या बोलल्या.

आणि सरकारनं काय केलं? आरोप खोटे आहेत म्हणून सांगितलं. चौकशीला नकार दिला. गावात बाहेरच्या माणसाला जायला बंदी केली. चिमूरच्या बायांचं दुखणं चिमूरच्या वेशीतच राहिलं.

मुंबईतली एक मुलगी

पण खबरीला पाय असतात. ती चिमूरहून चालत निघाली आणि मुंबईत एका मुलीपर्यंत पोहोचली.

त्या मुलीचं नाव उषा मेहता. वय बावीस. कॉलेजात शिकणारी, मूळची गुजरातची. तिनं आणि तिच्या काही सोबत्यांनी मिळून चोरून एक रेडिओ केंद्र चालू केलं होतं. नाव काँग्रेस रेडिओ. २७ ऑगस्ट १९४२ ला तो पहिल्यांदा बोलला, ४२.३४ मीटरवर. आपण कुठून बोलतोय हे ते सांगत नसत. 'भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून', एवढंच. पोलिसांची गाडी लहरींचा माग काढत शहरभर फिरायची, म्हणून यंत्र घेऊन हे लोक सारख्या जागा बदलायचे. आज या इमारतीत, काही दिवसांनी दुसऱ्या.

मैत्रिणींनो, आपणही रेडिओवर बोलतो. आपल्याला खोली आहे, माइक आहे, परवाना आहे. बोलून झाल्यावर आपण चहा पिऊन निवांत घरी जातो. त्या मुलीनं रोज जीव मुठीत धरून बातम्या दिल्या.

चितगावची बातमी, जमशेदपूरच्या संपाची बातमी, आणि आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची बातमी त्या रेडिओनं दिली. या गोष्टींना हात लावायला वर्तमानपत्रं धजत नव्हती, पण आम्ही त्या सांगितल्या, असं उषाताईंनी पुढे आठवणींत नोंदवून ठेवलं आहे. विदर्भातल्या एका खेड्यातल्या बायांचं दुखणं मुंबईतल्या एका मुलीनं लोकांना ऐकवलं. दोघींची भेट झालेली नव्हती.

हे केंद्र जेमतेम अडीच महिने चाललं. १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली. यंत्र जप्त झालं, उषाताई पकडल्या गेल्या. कित्येक महिने चौकशी चालली, त्यांनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला पाठवलं. १९४६ मध्ये सुटल्या, पुढे शिकल्या, मुंबईत प्राध्यापक झाल्या. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २००० साली त्या गेल्या.

जेव्हा वर्तमानपत्रांनीच एक दिवस बंद पाळला

रेडिओ तर बंद पडला. मग चिमूरचं काय झालं?

रेडिओवर धाड पडली त्याच्या आदल्याच दिवशी, ११ नोव्हेंबरला, एका माणसानं उपोषण धरलं होतं. हे प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी, गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात राहणारे. त्यांची मागणी साधी होती. चिमूरच्या बायांनी जे सांगितलं त्याची चौकशी करा. आधी ते दिल्लीला जाऊन व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातले बापूजी अणे यांना भेटले. तिथं काही होईना, तेव्हा ते चिमूरकडे निघाले. पोलीस धरून परत आणायचे, हे पुन्हा पायी निघायचे. पोटात अन्न नाही आणि पायाखाली चिमूरची वाट.

सरकारनं नवा हुकूम काढला. भन्साळींच्या उपोषणाबद्दल काही छापायचं नाही. चिमूरबद्दलही नाही. विचार करा, माणूस उपाशी मरायला टेकलाय आणि तो उपाशी आहे एवढंही कुणाला कळता कामा नये.

तेव्हा देशातल्या संपादकांच्या परिषदेनं एक पाऊल उचललं. सरकार लोकांची बातमी अडवतं ना, मग आम्हीही सरकारची कौतुकं छापणार नाही. नव्या वर्षाला सरकार ज्या पदव्या वाटायचं, म्हणजे कोण रावबहादूर झाला, कोण सर झाला, त्यांची यादी छापायची नाही असं ठरलं. आणि ६ जानेवारी १९४३ ला देशभरातल्या अनेक वर्तमानपत्रांनी अंकच काढला नाही. लोकांच्या हातात त्या दिवशी पेपर आला नाही, आणि का आला नाही ते सगळ्यांना कळलं. जी गोष्ट छापू दिली नाही, ती न छापलेल्या अंकानं सांगितली.

१२ जानेवारी १९४३ ला तडजोड झाली. बातम्यांवरची बंदी उठली. चिमूरला जायची बंदीही उठली. भन्साळींनी ६३ दिवसांचं उपोषण सोडलं.

पण खरं ते सांगायला हवं. ज्या चौकशीसाठी हे सगळं झालं, ती चौकशी काही झाली नाही. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत कित्येकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्यांचे जीव वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी फार खटपट केली, आणि पुष्कळांची फाशी टळली. पण त्या बायांना न्याय मिळाला, असं आम्हाला म्हणता येत नाही. बातमी पाच महिने अडवून धरली, तेवढ्या काळात पुरावे शिळे झाले, साक्षी विरल्या. बातमी उशिरा पोहोचली की न्यायही पोहोचत नाही. पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला आपण बायांना 'आजच्या आज जा' म्हणतो, ते याचसाठी.

आपलं राज्य आल्यावर

तुम्ही म्हणाल, ते इंग्रजांचं राज्य होतं. आपलं राज्य आल्यावर असं कशाला होईल? तर तेही झालं. तुमच्यापैकी साठी ओलांडलेल्या बायांना आठवत असेल.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात आणीबाणी पुकारली गेली. दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावर बऱ्याच वर्तमानपत्रांचे छापखाने होते. त्या रात्री तिथली वीज तोडली गेली. सकाळी पुष्कळ घरांत पेपर आलाच नाही. २६ जूनला सकाळी लोकांनी रेडिओ लावला, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी आणीबाणी लागल्याचं सांगत होत्या. रेडिओ सरकारचाच होता.

त्यानंतर वर्तमानपत्रांना मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागू लागला. आणि तो कोणत्या नियमांखाली? पुन्हा भारत संरक्षण नियम. राज्य बदललं, कायद्याची पाटी तीच राहिली. २८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली. १९७६ मध्ये देशातल्या चार वृत्तसंस्था एकत्र करून एकच 'समाचार' नावाची संस्था केली. म्हणजे चार विहिरींचं पाणी एका टाकीत सोडलं आणि टाकीची चावी एकाच्या हातात दिली. गायक किशोरकुमार सरकारच्या कार्यक्रमाला आले नाहीत म्हणून त्यांची गाणी रेडिओवर लावायची बंद झाली. बातमी अडवणारा हात एकदा लांब झाला की गाण्यापर्यंतसुद्धा पोहोचतो.

त्याही काळात बोलणारी माणसं होती. साने गुरुजींनी सुरू केलेलं पुण्याचं 'साधना' साप्ताहिक सेन्सॉरशी झगडत राहिलं. १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष होत्या दुर्गाबाई भागवत. समोर मंत्री बसलेले असताना दुर्गाबाईंनी विचारस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला लोकांना उभं केलं. पुढे त्यांना अटक झाली. पाण्यासाठी आणि महागाईविरुद्ध बायांचे मोर्चे काढणाऱ्या मृणाल गोरे, त्याही तुरुंगात गेल्या.

पण आज आम्हाला सांगायची आहे ती नसबंदीची गोष्ट. कारण तिथं पुन्हा गरिबाच्या अंगावर हात पडला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. अनेक ठिकाणी जबरदस्ती झाली. माणसं धरून नेली, पगार अडवले, शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना माणसं आणायचे आकडे ठरवून दिले. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पेपरात मात्र यशाचे आकडे यायचे. जबरदस्तीची तक्रार सेन्सॉरच्या टेबलावरच थांबायची.

मग झालं काय? कानोकानी गोष्टी पसरल्या. खऱ्या आणि खोट्या, दोन्ही. लस टोचायला आलेल्या नर्सला बघूनही लोक पळू लागले. आणि दिल्लीत बसलेल्यांना तर आपल्या पेपरांत फक्त आपली वाहवाच दिसत होती. जानेवारी १९७७ मध्ये निवडणूक जाहीर झाली, मार्चमध्ये मतं पडली. उत्तर प्रदेशात लोकसभेच्या ८५ जागा होत्या, त्यांतली एकही सत्ताधारी पक्षाला मिळाली नाही. पंतप्रधान स्वतः पडल्या. लोकांच्या पोटात काय साचलंय, ते सांगणारी वाटच त्यांनी बंद करून ठेवली होती. २१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली.

चुलीवर भात ठेवून झाकण घट्ट दाबून धरलं, तर घरच्यांना भात दिसत नाही, आणि दाबून धरणाऱ्या बाईलाही दिसत नाही. करपल्याचा वास आला की मगच कळतं.

झाकणं वेगळं, दाबणं वेगळं

इथं एक गोष्ट घोळू नका. प्रत्येक 'छापू नका' म्हणजे सेन्सॉर नव्हे.

ज्या बाईवर बलात्कार झाला तिचं नाव, तिचा फोटो, तिची ओळख पटेल असं काहीही जाहीर करायला आपल्या कायद्यात बंदी आहे. तो गुन्हा आहे. ही बंदी चांगली आहे, कारण ती त्या बाईला सांभाळते. चिमूरच्या त्या बायांची नावंही आपल्याला नकोत. पण त्यांच्यावर अत्याचार झाला, हे सगळ्या देशाला कळायला हवं होतं.

ओळखायची खूण सोपी आहे. बंदी कुणाला सांभाळते ते बघा. जिच्यावर अन्याय झाला तिला सांभाळत असेल, तर ते झाकणं आहे. ज्यानं अन्याय केला त्याला सांभाळत असेल, तर ते दाबणं आहे. आपल्या घरातसुद्धा हे चालतं. सासरी सुनेला मारहाण होते आणि सगळे म्हणतात, 'घरातली गोष्ट बाहेर नको.' ती बंदी कुणाला सांभाळते? सुनेला, की मारणाऱ्याला?

मग आपल्या रेडिओचं काय?

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या देशात रेडिओ बरीच वर्षं फक्त सरकारचा होता. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला. हवेतल्या लहरी, ज्यांच्यावरून आवाज जातो, त्या जनतेच्या मालकीच्या आहेत, सरकारच्या एकटीच्या नाहीत. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते आपले पी. बी. सावंत. गायरान जसं सगळ्या गावाचं, तशा या लहरी सगळ्यांच्या.

तरी खेड्यातल्या बायांना रेडिओ लगेच मिळाला नाही. तेलंगणात पस्तापूरच्या भागात दलित शेतकरी बायांच्या संघांनी रेडिओ केंद्राची तयारी करून ठेवली होती, पण परवाना नव्हता. मग त्या कार्यक्रम कॅसेटवर भरायच्या आणि संघाच्या बैठकीत वाजवायच्या. २००६ मध्ये धोरण बदललं, स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायला परवानगी मिळाली. २००८ मध्ये त्यांचा 'संघम रेडिओ' हवेत गेला. आपण आज बोलतो ते याच धोरणामुळे.

पण या धोरणात एक अट आहे. सामुदायिक रेडिओनं स्वतःच्या बातम्या आणि राजकीय घडामोडी द्यायच्या नाहीत. हवामान, सण-उत्सव, परीक्षा, प्रवेश, नोकरीच्या जागा, हे चालतं. वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, रोगराई यांच्या सूचनाही चालतात, पण स्थानिक प्रशासनानं दिलेल्या. ही शेवटची अट ऐकली आणि आम्हाला १९४२ चा हुकूम आठवला.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं आम्ही म्हणत नाही. आज रेडिओवर बोललो म्हणून आम्हाला कुणी येरवड्याला पाठवत नाही. गावात अफवा पसरू नये, भांडणं लागू नयेत, निवडणुकीत कुणी रेडिओ विकत घेऊ नये, ही भीती खोटी नाही. पण अडचणही खरी आहे. एका पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका वाडीत नळाला गढूळ पाणी येत होतं. आमच्याकडे आलेली सूचना म्हणत होती, पाणीपुरवठा सुरळीत आहे. बाया बाटलीत पाणी भरून घेऊन आल्या. आम्ही एका हातात कागद आणि एका हातात बाटली धरून बसलो. सूचना तेवढी वाचली असती, तर नियम पाळला गेला असता आणि पोरं आजारी पडली असती.

शेवटी आम्ही पाणी उकळून, गाळून कसं घ्यायचं यावर कार्यक्रम केला. आरोग्य सेविकेला बोलावलं. बायांनी स्वतःचे अनुभव सांगितले. बातमीपत्र देता येत नाही, पण अनुभव सांगता येतो, चर्चा करता येते, प्रश्न विचारता येतो. आणि बाटली गेली ग्रामसभेत.

आपल्या हातात काय आहे?

बातमी अडली म्हणून आपण गप्प बसायचं नाही. गटानं चार गोष्टींची सवय लावून घ्यावी.

पहिली, लिहून ठेवा. तारीख, वार, जागा, कुणी पाहिलं. गटात वही आहेच, मागची चार पानं यासाठी ठेवा. चिमूरच्या बायांचं सांगणं कुणीतरी लिहून घेतलं, म्हणून ते टिकलं.

दुसरी, बातमी ऐकली की विचारा. सांगणारा कोण? त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं? दुसऱ्या बाजूला कुणी विचारलं का? आणि यात कुणाचा आवाज नाही? मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलण्याआधीही हेच चार प्रश्न विचारायचे. खरी बातमी जिथं अडते, तिथं अफवा माजते. म्हणून अफवा थांबवणं हेही खऱ्या बातमीचंच काम आहे.

तिसरी, ग्रामसभेत बोला. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आपल्या राज्यात आहे. ती कागदावर होऊ देऊ नका. तिथं बोललेलं इतिवृत्तात लिहिलं गेलं का, ते सही करण्याआधी वाचून घ्या.

चौथी, माहिती मागा. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पाण्याची तपासणी कधी झाली, रेशनचा किती माल आला, रस्त्याचा पैसा कुठं गेला, विचारा.

आता आजींना काय उत्तर द्यायचं, ते आम्हाला कळलंय. पुढच्या बैठकीत सांगणार आहोत, "आजी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. जे झालं ते सांगायचं. रेडिओवर बातमीपत्र नाही देता येत, तर तुम्ही रेडिओवर या आणि तुमचा अनुभव सांगा. आम्ही माइक धरतो."

आणि मैत्रिणींनो, एक काम तुमच्यासाठी. या महिन्याच्या बैठकीत हिशेब वाचून झाला की प्रत्येकीला विचारा, 'आपल्या गावातली कोणती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी बोलत नाही?' पहिल्यांदा सगळ्या गप्प बसतील. थोडा वेळ थांबा. कुणीतरी बोलेलच.